खांदा दुखतोय, पोट तपासा

पाळी चुकून महिना-दीड महिना झालेला असतो आणि एका सकाळी सून म्हणते, खांदा दुखतोय. हात वर केला तरी दुखत नाही, दाबलं तरी दुखत नाही, पण टोकाशी आत कुठेतरी ठणका आहे आणि आडवं पडलं की वाढतोय. "काल घागर उचललीस व्हय?" असं विचारत सासू तेल कोमट करायला ठेवते. खांद्याला काहीही झालेलं नसतं. गर्भ गर्भाशयात न रुजता वाटेतच, गर्भनलिकेत रुजलेला असतो. ती बारीक नलिका ताणून फाटते, रक्त पोटात साठू लागतं आणि पसरत पसरत श्वासपटलाच्या खालच्या अंगाला जाऊन भिडतं. श्वासपटल मेंदूला वर्दी देतं आणि मेंदू बाईला सांगतो, खांदा दुखतोय.

एवढा हुशार मेंदू पत्ता कसा चुकतो? त्याचं उत्तर त्या बाईच्या स्वतःच्या जन्माआधी शोधावं लागतं. ती आपल्या आईच्या पोटात चार-एक आठवड्यांची होती, तेव्हा तिचं श्वासपटल बरगड्यांखाली नव्हतंच. ते मानेच्या पातळीवर आकार घेत होतं आणि मानेतून निघालेल्या नसा तिथेच त्याला येऊन मिळाल्या. पुढे हृदय आणि फुप्फुसं वाढली तसं पटल खाली खाली सरकलं आणि आपल्या नसा सोबत ओढत घेऊन आलं. मानेतल्या ज्या मणक्यांपासून या नसा निघतात, तिथेच खांद्याच्या कातडीच्या नसाही पोचतात. खांद्याच्या तक्रारी रोजच्या, पटलाची तक्रार जन्मात एखादी. मेंदू अर्थातच खांद्याचं नाव घेतो.

शंभरातल्या एक-दोन गर्भारपणांत गर्भ असा भलत्या जागी रुजतो. दिवस राहिल्याची नुसती शंका असलेल्या बाईला ओटीपोटात एका बाजूला दुखत असेल, थोडंसं का होईना अंगावर लाल दिसत असेल, चक्कर येत असेल किंवा असा खांदा दुखत असेल, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून गाडी काढावी. गर्भचाचणी केली नव्हती म्हणून थांबायचं कारण नाही. ती दवाखान्यात पाच मिनिटांत होते. फुटलेल्या नलिकेला मात्र तासांचा हिशेब असतो.

गर्भारपणाच्या लक्षणांबद्दल वाचत गेलो की हा पत्ता चुकण्याचा प्रकार वारंवार दिसतो. बिघाड वारेत असतो आणि दुखतं डोकं. यकृत अडचणीत येतं आणि खाजतात तळपाय. घरातल्या मोठ्या माणसांचा अनुभव खरा असतो, माया तर खरीच असते, तरीही नेमक्या याच वेळी घरचं निदान फसतं, त्याचं कारण हे आहे.

आता त्या वारेकडे जरा जवळून बघू. बाळ जन्मलं की घरचे त्याचं वजन किती आणि नाक कुणाच्या वळणावर गेलंय यात गुंततात. आत सिस्टर मात्र वार ट्रेमध्ये पसरून, रक्त पुसून दोन्ही अंगांनी निरखत असते. वीतभर रुंद, अर्ध्या किलोच्या आसपास वजन. आईकडची बाजू गडद लाल, पंधरा-वीस उंचवट्यांत विभागलेली. बाळाकडची बाजू निळसर, तुळतुळीत, आणि तिच्यातून निघालेली नाळ. नाळेच्या कापलेल्या तोंडाशी तीन छिद्रं मोजायची, दोन रोहिण्या आणि एक नीला. मग उंचवटे एकमेकांशी जुळतात का ते पाहायचं. एखादा तुकडा कमी भरला, तर तो आत राहिलाय आणि रक्त थांबायचं नाही.

हा अवयव आईचा नाही. तो बाळानं बांधलेला असतो, म्हणजे त्यात निम्मा वारसा बापाकडचा. एरवी परक्या पेशी दिसल्या की तुटून पडणारं आईचं शरीर या पाहुण्याला नऊ महिने आत राहू देतं, हेच मुळात अचाट आहे. वारेच्या पेशी आईच्या गर्भाशयात शिरतात, तिथल्या शंभराच्या आसपास नागमोडी रोहिण्यांपर्यंत पोचतात आणि त्यांच्या भिंतीतले स्नायू काढून टाकतात. स्नायू गेला की रोहिणी आकसू शकत नाही. आई घाबरली, पळाली, थंडीनं कुडकुडली, तरी बाळाकडे जाणारा प्रवाह तिच्या शरीराला सहजी आवळता येत नाही. दिवस भरत आले की गर्भाशयाकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त जात असतं. त्यासाठी आईच्या अंगातलं रक्तही जवळजवळ दीडपट झालेलं असतं. इतकं होऊनही दोघांचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. मधल्या पातळ पडद्यातून प्राणवायू आणि अन्न पलीकडे जातं.

बाळंतपणानंतर हीच सोय अंगाशी येऊ शकते. वार सुटल्यावर त्या रोहिण्यांची तोंडं उघडी पडतात आणि त्यांना आकसायला स्वतःचा स्नायू उरलेला नसतो. तिथे गर्भाशय कामाला येतं. त्याचे आडवेतिडवे विणलेले स्नायू घट्ट आवळले जातात आणि मधून जाणारी प्रत्येक रक्तवाहिनी चिमटीत धरतात. ही पकड सैल पडली, तर काही मिनिटांत जिवावर बेतू शकतं. घरी आलेल्या बाळंतिणीचं पॅड तासाभरात पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, तिला घेरी येत असेल, तर "अंग साफ होतंय" म्हणून बसू नये.

आणि स्नायू काढून टाकण्याचं ते काम मुळातच अर्धवट राहिलं तर? रोहिण्या अरुंद राहतात, वारेला रक्त कमी पडतं आणि उपाशी वार आईच्या रक्तात काही द्रव्यं सोडू लागते. ती द्रव्यं आईच्या सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतात. रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. शंभरातल्या दोन ते आठ गर्भारपणांत हा आजार होतो, बहुधा विसाव्या आठवड्यानंतर. आता लक्षणांचे पत्ते बघा. डोकं असं दुखतं की नेहमीच्या गोळीनं राहत नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकतात, नजर धूसर होते. चेहरा आणि हात अचानक सुजतात. संध्याकाळी पाय थोडे सुजणं वेगळं, ते बऱ्याच जणींना होतं. आणि उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खळगीत दुखतं, कारण यकृत सुजून त्याचं आवरण ताणतं.

या शेवटच्या लक्षणानं जितका घोळ होतो तितका कशानंच होत नसेल. आपल्याकडे खळगीत दुखलं की त्याला पित्त म्हणतात. काल तांबडा रस्सा जरा जास्तच झाला, असं कोल्हापुरात कुणीही सहज म्हणेल आणि थंड दूध पुढे करील. पाच महिन्यांनंतरच्या गरोदर बाईचं असं दुखणं रक्तदाब मोजल्याशिवाय पित्ताच्या खात्यात टाकायचं नाही, एवढा नियम प्रत्येक घरात पाळला गेला तरी पुष्कळ होईल.

किती रक्तदाब म्हणजे जास्त? पावसाळ्यात कोल्हापूरकर डोळे उघडले की राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे ते बघतो. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. ३९ झाल्यावर नदीकाठचा कुणी "अजून उंबऱ्याला पाणी लागलेलं नाही, बघू" म्हणत नाही. जनावरं हलवायला लागतो. गर्भारपणातला रक्तदाब तसाच वाचावा. १४०/९० हा इशारा, १६०/११० हा धोका. वरचा किंवा खालचा, दोन्हींपैकी एक आकडा तिथे पोचला तरी पुरे. आणि इशाऱ्याच्या आकड्याला बहुतेक वेळा बाईला काहीच होत नसतं, ती स्वयंपाक करत असते. म्हणून तर प्रत्येक तपासणीत दंडाला पट्टा बांधतात आणि माता बाल संरक्षण कार्डावर आकडा लिहितात. मागच्या महिन्यातल्या आकड्याशेजारी आजचा ठेवून वाचला की चढ दिसतो.

पाणी धोक्याच्या वर गेलं की झटके येऊ शकतात. अशा वेळी कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका. बाईला डाव्या कुशीवर वळवा आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा. दवाखान्यात मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात. साधा, स्वस्त क्षार. पण २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या दहा हजारांवर बायकांच्या अभ्यासात त्यानं झटक्यांचा धोका निम्म्यावर आणल्याचं दिसलं. आजाराचं मूळ वारेत असल्यानं खरा उतार प्रसूतीनंतरच पडतो, आणि तोही लगेच नाही. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत हा रक्तदाब डोकं वर काढू शकतो. बाळंतिणीचं डोकेदुखीचं गाऱ्हाणं जागरणावर ढकलण्याआधी पट्टा बांधून घ्या.

हा पट्टा किती नवा आहे याची कल्पना येण्यासाठी कोल्हापुरातलीच एक गोष्ट सांगतो. भाऊसिंगजी रोडवरचं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, पूर्वी अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं. १८८६ मध्ये कोल्हापूर संस्थानानं तिथल्या स्त्रियांच्या विभागासाठी एका तरुण डॉक्टरणीची नेमणूक केली. तिचं नाव आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला होता आणि तो दहा दिवसांत गेला होता. योग्य उपचार मिळाले नाहीत याची खंत घेऊन ती फिलाडेल्फियाला गेली आणि मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाली. पदवीसाठी प्रबंध लिहिला तो हिंदू आर्यांमधल्या प्रसूतिशास्त्रावर. कोल्हापूरला रुजू होणं मात्र तिच्या नशिबी नव्हतं. क्षयानं पोखरलेली आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. पुढे त्याच रुग्णालयात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी काम केलं. त्यांच्या शिक्षणाला राजर्षी शाहू महाराजांचा आधार होता. आनंदीबाई रुजू झाली असती, तरी डोकं दुखतंय म्हणणाऱ्या गरोदर बाईचा रक्तदाब तिला असा सहज मोजता आला नसता. दंडाला बांधायचा पट्टा इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये, तिच्या पदवीनंतर दहा वर्षांनी, पुढे आणला. जगातल्या उत्तम कॉलेजात शिकलेल्या डॉक्टरकडे जे नव्हतं, ते आज गावच्या उपकेंद्रात आरोग्यसेविकेच्या पिशवीत असतं.

पत्ता चुकलेल्या आणखी काही लक्षणांबद्दल बोलू. बाळंतपणात रक्त जास्त जाऊ नये म्हणून शरीर महिनोन्‌महिने आधी तयारी करतं, रक्त लवकर गोठेल अशी व्यवस्था लावतं. त्याची किंमत कधीकधी पाय मोजतो. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखली, तर आत गाठ झाली असेल. गंमत अशी की गर्भारपणात ही गाठ बहुतेक वेळा डाव्या पायात होते, कारण ओटीपोटात उजव्या बाजूची रोहिणी डाव्या पायाकडून येणाऱ्या नीलेवरून ओलांडून जाते आणि तिला दाबते. ती पोटरी चोळू नका. गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अचानक धाप लागणं, छातीत कळ येणं ही त्याची खूण, आणि तेव्हा उद्यावर काहीही टाकायचं नसतं.

तळहात आणि तळपाय रात्री खाजून झोप लागत नाही, पुरळ मात्र कुठेच नाही, असं शेवटच्या तीन महिन्यांत झालं, तर "उष्णता झालीय" म्हणून सब्जा भिजत घालू नका. यकृतातून पित्त नीट वाहत नसेल तर त्यातली आम्लं रक्तात साठतात आणि तळव्यांना खाज सुटते. ती फार वाढली तर पोटातल्या बाळाला धोका असतो. रक्ताच्या तपासणीत कळतं.

ओकाऱ्यांबद्दल थोडक्यात, कारण त्या सगळ्यांना ठाऊक आहेत. वारेतून येणारं जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक त्यामागे आहे, आणि ज्या बायकांच्या रक्तात ते आधीपासून कमी असतं त्यांना त्याचा तडाखा जास्त बसतो, असं २०२३ मधल्या संशोधनानं दाखवलं. सोसत नाही ती बाई नाजूक आहे, नखरे करतेय, हे म्हणणं आता तरी बंद व्हावं. दिवसभर पाण्याचा घोटही टिकत नसेल, लघवी गडद आणि थोडी होत असेल, वजन उतरत असेल, तर सलाईनची वेळ आली आहे. थंडी वाजून ताप आणि लघवीला जळजळ हेही अंगावर काढू नये. गर्भारपणात मूत्रनलिका सैल पडतात आणि जंतू मूत्रपिंडापर्यंत सहज चढतो.

मनाचंही तसंच. पंधरा-पंधरा दिवस रडू येत असेल, जगणं नको वाटत असेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. ओटी भरून झाली म्हणजे बाई आनंदातच असणार, असं नसतं.

आता ज्याचा निरोप कुणालाच दुसरीकडून मिळत नाही, त्या बाळाकडे वळू. पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारण १८ ते २० आठवड्यांत कळू लागते, आधी बुडबुड्यांसारखी आणि मग ढुशा. बाळ आत झोपतं, जागं होतं, आणि त्याची झोप एका वेळी साधारण वीस ते चाळीस मिनिटांची असते. सातव्या महिन्यापर्यंत प्रत्येक बाळाची आपली लय बसते. ती लय फक्त आईला ठाऊक असते. सोनोग्राफीच्या यंत्राला ती तेवढ्या वेळापुरती दिसते. प्राणवायू कमी पडू लागला की बाळ आधी हालचाल कमी करून तो वाचवतं. म्हणून "आज बाळ फिरेना झालंय" या वाक्यावर सगळ्यांत आधी कान टवकारले पाहिजेत. दिवस भरत आले की जागा कमी होते आणि बाळ शांत होतं, ही समजूत चुकीची आहे. ढुशीची जात बदलते, संख्या कमी होत नाही. नक्की कळत नसेल तर डाव्या कुशीवर निवांत पडून दोन तास फक्त बाळाकडे लक्ष द्या. दहा हालचालीही भरल्या नाहीत, तर त्याच दिवशी, मग रात्र असली तरी, दवाखाना गाठा. हालचाल पूर्णच थांबल्यासारखी वाटली, तर ते दोन तासही थांबू नका. गोड सरबत पाजून बघण्यात वेळ घालवू नये.

अंगावरून लाल जाणं कुठल्याही महिन्यात, दुखो न दुखो, दाखवण्याजोगंच. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी असेल तर अजिबात न दुखता भळाभळा रक्त जातं. उलट वार वेळेआधी सुटली तर पोट दगडासारखं कडक होऊन दुखतं आणि रक्त आतच साठलं तर बाहेर जेमतेम दिसतं. दिसणाऱ्या रक्तावरून धोका मापता येत नाही. रक्तगट निगेटिव्ह असलेल्यांनी ते पहिल्याच वाक्यात सांगावं. रक्तस्रावानंतर ७२ तासांच्या आत द्यायचं एक इंजेक्शन असतं. पाणी गेलं तर कळांची वाट पाहू नका आणि पाण्याचा रंग बघून ठेवा. हिरवट असेल तर बाळानं आत शी केली आहे. नववा लागण्याआधी थांबून थांबून कळा येत असतील, कंबर भरून येत असेल, तर तेही लगेच दाखवायचं.

हे सगळं ठाऊक असूनही उशीर होतो तो कुठे? १९९४ मध्ये थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासकांनी त्याचे तीन टप्पे मांडले: घरात निर्णय व्हायला लागलेला वेळ, दवाखान्यात पोचायला लागलेला वेळ आणि पोचल्यावर उपचार सुरू व्हायला लागलेला वेळ. महाराष्ट्रात २०१८-२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशात ९७. आपण पुष्कळ बरे आहोत. पण गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, चंदगडच्या डोंगराळ वाड्यांवर आषाढात दुसरा टप्पा आजही लांबतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली आणि शिरोलीजवळ महामार्गच काही दिवस बंद पडला. ज्यांची तारीख जुलै-ऑगस्टमधली आहे आणि गाव पुराच्या पट्ट्यात किंवा घाटात आहे, त्यांनी दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे आधीच मुक्काम हलवावा. डोहाळजेवणाची तारीख ठरवतो तशी हीही ठरवावी. ऊसतोडीला आलेल्या गरोदर बायकांचं नाव गावाकडे नोंदलेलं असलं, तरी कार्ड सोबत असेल तर इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही तपासणी होते. फडाच्या मालकानं आणि मुकादमानं त्यांना त्यासाठी खाडा धरू नये. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची खास तपासणी असते, तीही मोफत.

पहिला टप्पा मात्र कुठल्याच सरकारच्या हातात नाही. तो सासू, नवरा, आई यांच्या हातात आहे. १०८ लागला की चार गोष्टी सांगा: कितवा महिना, काय होतंय, कधीपासून, गावाची खूण काय. कार्ड आणि जुने रिपोर्ट पिशवीत घाला आणि निघा. आणि तिथे तपासून "काही नाही, घरी जा" असं सांगितलं, तर फेरी फुकट गेली म्हणून सुनेला बोलू नका. पुन्हा शंका आली तर पुन्हा घेऊन जा.